डावीकडचं बटण

४ ऑक्टोबर

भिंगरे,

आशीर्वाद मी रोजच देते, ते टपालाने पाठवावे लागत नाहीत. पण शिवणवाली म्हणते पत्राला काहीतरी सुरुवात लागते, म्हणून घे एक जास्तीचा. लिहितेय तीच. मी पायरीवर बसून बोलते, ती मशीनवर कोपर टेकून लिहिते. अक्षर चांगलं दिसलं तर तिचं, शहाणपण दिसलं तर माझं.

तुझं चार ओळींचं पत्र तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. पहिल्याच ओळीत 'मी बरी आहे' लिहिणारी बाई बरी नसते, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही. फोन करू नकोस. फोनवर मला शब्द ऐकू येत नाहीत, नुसता तुझा श्वास ऐकू येतो, आणि मग मी उगाच 'हो हो' करत बसते. त्यापेक्षा लिही.

मी आले नाही म्हणून रागावली नाहीस, हे तू लिहिलंस. रागवायला हवं होतंस. पण तुमच्या त्या चढावर मला कोण आणणार होतं? दरवर्षी जो जीप घेऊन यायचा आणि मला पोत्यासारखी उचलून पुढे बसवायचा, तोच गेला. लग्नात मी जावईबापूंना म्हटलं होतं, हाताला ग्रीस लागलेला माणूस मला आवडतो, फक्त त्याने जेवायच्या आधी हात धुवावेत. त्या दिवसापासून माझ्याकडे आले की दारातूनच दोन्ही हात दाखवायचे, लहान मुलासारखे. ते हात सारखे आठवतात.

असो. मुद्द्यावर येते, नाहीतर शिवणवालीचा कागद भिजेल.

तू लिहितेस, जीप अंगणात उभी आहे, पुढून वायरी लोंबताहेत, सासूबाईंना ती बघवत नाही. तुझ्या दिराने खाणीवरच्या मुकादमाशी बोलणं लावलंय, आणि मुकादम म्हणतो, आधी लोंबतं ते सगळं कापून टाका, मग नेतो. आणि तू कात्री घेऊन निघालीस.

कात्री खाली ठेव.

वायर कापायला क्षण लागतो, सांधायला दुपार लागते, असं तुझे आजोबा म्हणायचे. तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हा ते थकले होते, म्हणून तुला त्यांचं दुकान नीटसं आठवणार नाही. पुढच्या खोलीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर मी, वायरींची टोकं सोलत. मला अक्षर ओळखता आलं नाही कधी, पण कुठली वायर कुठे जाते ते ओळखता आलं. तेव्हा कापायच्या आधी मला सांग: दिवे कुठे आहेत, भोकं कुठे पाडलीत, कुठली वायर कुठून निघून कुठे जाते. आणि हेही सांग, की ती गाडी जावी असं तुला वाटतं का. दिराला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही.

तुझी,
आजी

१५ ऑक्टोबर

आजी,

कात्री ठेवली.

गाडी जावी असं मला वाटत नाही. पण मला काय वाटतं हे या घरात कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नव्हतं. गाडी गेली तर वरच्या वाडीची फेरी जाईल. रोज सकाळी तो दुधाचे कॅन खाली आणायचा, शाळेच्या बाईंना वर न्यायचा, कुणी आजारी असलं तर त्याला दवाखान्यात. ती फेरी गेली की माझं इथे काय राहिलं? सासूबाईंच्या समोर बसायचं आणि दोघींनी एकमेकींकडे बघायचं नाही, एवढंच.

मी भावजींना म्हटलं, फेरी मी चालवते. उन्हाळ्यात त्याने मला घाटात गाडी शिकवली होती ना, उगाचच. मी म्हणायचे कशाला, तर म्हणायचा, 'पुढे बघ, माझ्याकडे बघू नकोस.' भावजी वाईट नाहीत गं. ते म्हणाले, "वहिनी, उजेडात चालवाल. धुकं उतरलं की सकाळी हात दिसत नाही. दादाचं सोडा, त्याच्या पायाला रस्ता पाठ होता." शेवटी एवढ्यावर आले: नोव्हेंबर संपायच्या आत दिवे लागले आणि धुक्यात एक फेरी नीट करून दाखवली, तर गाडी ठेवू. नाहीतर मुकादम नेईल.

तर आता सांगते काय काय आहे. दोन गोल पिवळे दिवे, खोक्यातच, कागदही काढलेला नाही. बंपरला खालच्या अंगाला दोन भोकं. बॉनेटच्या आत बॅटरीशेजारी एक चौकोनी काळी डबी स्क्रूने बसवलेली, तिला चार पाय, पण पायांना काही लावलेलं नाही. वायरी ओढलेल्या आहेत, टोकं मोकळी. आणि प्रत्येक टोकाला लाल लोकर बांधलीय. कुठे एक गाठ, कुठे दोन, एका ठिकाणी तीन.

आजी, ती माझ्या उसवलेल्या स्वेटरची लोकर आहे. मी सगळं घर शोधलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, मांजराने नेली. आमच्याकडे मांजर नाही.

आणि डॅशबोर्डला एक गोल भोक, बटणासाठी. पण ते डावीकडे आहे, पार खालच्या खणाच्या वर, जिथे मी बसायचे तिथे.

त्या दिवशी तो दिव्यांचंच काम करत होता. संध्याकाळ व्हायला आली तशी म्हणाला, मागून पान्हा घेऊन येतो. घरामागच्या पायऱ्या त्याने स्वतःच्या हाताने बांधल्यात. सगळे म्हणतात पाय घसरला. पण पाऊस नव्हता आजी. पायऱ्या कोरड्या होत्या. पान्हा मला खाली सापडला. मी तो उशाशी ठेवते, हे कुणाला सांगू नकोस. शिवणवालीबाईंना आता कळलंच.

तुझी,
भिंगरी

२३ ऑक्टोबर

भिंगरे,

पान्हा उशाशी राहू दे. मी तुझ्या आजोबांचा चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला होता. कुणी शोधायला जात नाही तिथे. शिवणवाली कुणाला सांगणार नाही. ती गल्लीतल्या सगळ्यांची मापं जाणते आणि एकाचंही बोलत नाही.

आता कान इकडे कर.

बॅटरीतून जाड वायर निघेल. तिच्यावर सगळ्यात आधी फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. राखणदार दारातच बसवायचा असतो, चोर माडीवर पोचल्यावर उपयोग काय? फ्यूजमधून ती वायर त्या काळ्या डबीत. तिला रिले म्हणतात. पायांवर आकडे असतील ते तू वाच, डबीसोबत चित्र आलं असेल ते बघ. मला फक्त त्यामागचा संसार ठाऊक आहे, तो सांगते. बटण म्हणजे सासू आणि रिले म्हणजे सून. सासूने नुसतं बोट उचलायचं, ओझं सुनेने वाहायचं. दिव्यांचा सगळा भार बटणातून नेलास तर बटण वितळेल, कारण सासूला ओझ्याची सवय नसते. (हे तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव. हसल्या तर बरंच आहे.)

तर चार पायांतले दोन ओझ्याचे: एकात बॅटरीची वायर येते, दुसऱ्यातून दिव्यांकडे जाते. उरलेले दोन हुकमाचे: एकात बटणाची वायर, दुसरा गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला. बटणाला वीज पार्किंगच्या दिव्याच्या वायरीतून घे. म्हणजे पार्किंगचे दिवे बंद केलेस की हेही झोपतील.

दिवे खालीच बसव, जावईबापूंनी भोकं पाडलीत तिथेच. धुक्यात उंच दिवा लावणं म्हणजे आपल्याच तोंडावर पांढरी चादर ओढून घेणं. खालून उजेड गेला की धुक्याच्या पोटाखालून रस्ता दिसतो. एवढं त्यांना बरोबर कळलं होतं.

पण बाकी काय कारभार आहे हा? लोकरीच्या गाठी? मी डब्यांना गाठी बांधते. एक गाठ मीठ, दोन गाठी साखर. कारण मला चिठ्ठी वाचता येत नाही. एवढा शिकलेला माणूस, कागदाची चिठ्ठी चिकटवता आली नाही? माझ्याकडे येऊन नको ते शिकून गेले.

आणि ते डावीकडचं भोक! हसू की रडू! अगं, चालवणारा उजवीकडे आणि बटण डावीकडे? जेवणाऱ्याचं ताट शेजाऱ्यापुढे मांडल्यासारखं झालं. तुझ्या आजोबांच्या दुकानात एका पोराने असं केलं असतं तर दिवसभर त्याला उलटं जाकीट घालून बसवलं असतं. घोडचूक आहे, दुसरं काय. मेलेल्या माणसाची चूक काढू नये म्हणतात, पण चूक काढली नाही तर माणूस पार परका होतो. तेव्हा ते भोक रबरी बुचाने बंद कर, बटण उजवीकडे तुझ्या हाताशी घे.

आणि जेवतेस का? 'हो' लिहू नकोस. काय जेवलीस ते लिही.

तुझी,
आजी

६ नोव्हेंबर

आजी,

भात आणि ताक. काल. आज अजून नाही.

फ्यूज बसवला, वीतभर. रिलेचे चारही पाय जोडले. दिवे बंपरला बसवले. नट घट्ट करताना पान्हा लागला, मग तो उशाशी नव्हता एक दिवस. परत आणून ठेवला. सासू-सुनेचं सासूबाईंना वाचून दाखवलं. हसल्या नाहीत. पण दुपारी मी बॉनेटमध्ये वाकले होते तेव्हा येऊन माझ्या डोक्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या.

आणि तरी दिवे लागेनात. बटण जोडायच्या आधी वायरीची टोकं नुसती टेकवून बघितली. डबी 'टक' म्हणते. उजवा दिवा निखाऱ्यासारखा लाल, मंद. डावा लुकलुकतो आणि विझतो. मी पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा जोडलं. तेच.

त्यात मुकादम येऊन गेला. टायरला लाथा मारून बघितलं, दिव्यांकडे बघून म्हणाला, "हे काय, दिवाणखान्यातले दिवे का?" भावजी हसले नाहीत.

बटणाचंही जमत नाही. ती वायर डावीकडच्या भोकापाशी येऊन संपते. उजवीकडे न्यायची तर तुकडा सांधावा लागेल. तो वायरीत कधी कंजुषी करायचा नाही आजी, प्रत्येक ठिकाणी हातभर जास्त सोडायचा. इथेच नेमकी मोजून कापलीय. आणखी एक. मी चालवायला बसले तर सीट पुढे ओढलेली. माझा पाय क्लचवर अगदी बरोबर पडला. तो एवढा उंच, त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले असते. भावजींनी गाडी धुताना सरकवली असेल.

मला त्याचा राग येतो. खूप. अर्धं काम टाकून कुणी जातं का? नुसत्या गाठी बांधून? मी एक-दोन-तीन मोजत बसते आणि मला कळत नाही तो काय म्हणतोय. कालच्या दिवशी मी त्या गाडीच्या दाराला लाथ मारली. मुकादमापेक्षा जोरात.

तिकडे यावं असं वाटतं. पण तू सांगितलंस कात्री ठेव, म्हणून ठेवलीय.

भिंगरी

१४ नोव्हेंबर

भिंगरे,

दाराला लाथ मारलीस हे उत्तम. मी तुझ्या आजोबांच्या फोटोकडे पाठ करून जेवायची. म्हणायची, बसा आता भिंतीवर, मला दुकान आणि घर दोन्ही टाकून. राग येतो तोवर माणूस घरातच असतं. येऊ दे.

दिव्यांचं ऐक. डबी 'टक' म्हणते म्हणजे सून कामाला उठलीय. दिवा मंद म्हणजे वीज जातेय पण तिला परतायला वाट नाही. अर्थची वायर तू कुठे आवळलीस? बंपरच्या रंगावर. मला इथून दिसतंय. रंगावर अर्थ बसत नाही, कितीही घट्ट कर. नटाखालचा वायसर काढ, पॉलिशपेपर घे, आणि रंग खरवड. वरचा रंग जाईल, खालचा तांबडा लेप जाईल, तरी थांबायचं नाही. पत्रा आरशासारखा चकाकला पाहिजे. नव्या रंगाला ओरखडा काढायला जीव होत नाही, ठाऊक आहे मला. पण काढायचा. मग वायर आवळ आणि वरून ग्रीस लाव, म्हणजे गंजणार नाही.

बटणाच्या वायरीला तुकडा सांध. टोकं एकमेकांत पिळ, कथील वितळवून डाख दे, वर टेप. चूक त्यांची, भुर्दंड तुला. नवऱ्यांचं असंच असतं.

महिना संपत आला. खरवड.

तुझी,
आजी

(हे मी आजींना न सांगता लिहिते. त्यांनी मागची खोली रिकामी केली आहे. माझ्याकडून नवी चादर शिवून घेतली, निळी, तुम्हाला आवडते म्हणाल्या. रोज दुपारी टपालवाल्याला गल्लीच्या तोंडाशी गाठतात. पत्र सांगताना मध्येच थांबतात आणि मला बजावतात, 'परत ये असं चुकूनही लिहू नकोस हं, ती येईल.' म्हणून मी ते लिहिलं नाही. बाकी तुम्ही समजून घ्या. – शिवणवाली)

२ डिसेंबर

आजी,

दिवे लागले.

खरवडलं. आधी हात होईना, तू म्हणालीस तसंच. मग एकदा पत्रा चमकला आणि मी थांबेनाच, सासूबाई म्हणाल्या, "अगं, भोक पाडशील." वायर आवळली, टोकं टेकवली, आणि समोरची गोठ्याची भिंत पिवळी झाली. सासूबाई जोरात 'अगंबाई' म्हणाल्या. तो गेल्यापासून मी त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता.

तोवर बटण बसवलेलं नव्हतं. वायरीला सांधा द्यायला मी तुकडा कापत होते, तेवढ्यात वरच्या वाडीचा दूधवाला आला. फेरी बंद झाल्यापासून बिचारा कॅन डोक्यावरून आणतो. दारात डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, दादांचं बटण अजून लावलं नाहीत?"

मी म्हटलं, "दादांचं कुठलं? चुकून भोक डावीकडे पडलंय, ते बंद करतेय."

"चुकून?" तो म्हणाला. "अहो, मी भोक पाडताना तिथे होतो. मीही म्हटलं, दादा, बटण तिकडे कशाला? तर म्हणाले, हे माझं. हिवाळ्यापासून गाडी ती चालवणार आणि मी नुसता शेजारी बसून दिवे लावणार. राजासारखा."

मी म्हटलं, "का?"

त्याने कॅन खाली ठेवला. झाकण नीटच होतं, तरी पुन्हा बसवलं. म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नव्हतं? ऊन उतरलं की दादांना रस्त्याची कडा दिसायची नाही. धुक्यात तर काहीच नाही. मी पुढे बसून सांगायचो. दगड आला, वळण आलं, बकरी आली. ते हसण्यावारी न्यायचे. एकदा मला म्हणाले, वळणावर ती बाई कोण उभी आहे? बाई नव्हती वहिनी, झाड होतं. मी म्हटलं डॉक्टरला दाखवा. दाखवलंय म्हणाले. त्यावर औषध नाही म्हणाले. हिला सांगू नको, दिवे लागू देत, मग मीच सांगतो."

आजी, त्याला पायरी दिसली नाही. एवढंच झालं. घसरला नाही. त्याला पायरी दिसली नाही, आणि मी घरात होते, आणि दिवा माझ्या हाताशी होता. तो लावायला अजून अंधार झाला नाही असं मला वाटत होतं. मला उजेड होता.

गाठी कशाला ते आता कळलं. बॉनेटच्या आत त्याला चिठ्ठी वाचता आली नसती. तो बोटांनी मोजत होता. आणि मी उन्हाळाभर त्याला म्हणत होते, एवढं ओरडतोस कशाला, मला कुठे गाडी चालवायचीय. सीट भावजींनी सरकवली नव्हती. मी विचारलं.

मग मी तुकडा फेकून दिला आणि बटण त्याच्या भोकात बसवलं. अगदी बरोबर बसलं. वायर टिचभरही कमी पडली नाही.

धुकं गेल्या आठवड्यात उतरलं. पहाटे निघाले. दूधवाला मागे रिकाम्या कॅनशेजारी, शाळेच्या बाई मागे. भावजीही यायचे म्हणाले. पुढे बसायला लागले तर मी म्हटलं, मागे बसा. दार लावून मागे गेले. बटण दाबायला मला पूर्ण डावीकडे वाकावं लागलं, त्या रिकाम्या जागेवरून. दिवे लागले. रस्ता धुक्याच्या पोटाखालून दिसला, तू म्हणालीस तसाच. डावा दिवा त्याने किंचित बाहेर वळवायची खूण बंपरवर करून ठेवली होती. मी तसाच वळवलाय. त्याने कडा दिसते. नुसती कडा. सबंध वाटभर.

वर पोचल्यावर भावजी उतरले, आपल्या बाहीने दोन्ही दिव्यांच्या काचा पुसल्या, आणि म्हणाले, "मुकादमाला मी सांगतो."

गाडी राहिली. मला आनंद व्हायला हवा होता.

आजी, तू ये. मी न्यायला येते. ती निळी चादरही घे. तू माझ्या शेजारी बस आणि बटण तू दाब. मला रोज त्या जागेवरून हात न्यायला होत नाही. ती खरं तर माझी जागा होती. आता मी त्याच्या जागेवर बसते, आणि माझ्या जागेवर तो बसणार होता.

भिंगरी

१२ डिसेंबर

भिंगरे,

तुझं पत्र शिवणवालीला एका दमात वाचता आलं नाही. मध्ये उठून पाणी प्यायली. मग तिने मला पाणी दिलं. मग म्हटलं, आता पुरे, दोघी मिळून विहीर उपसू नये.

निळ्या चादरीचं तुला कुणी सांगितलं ते मला कळलंय. ती आत्ता मान खाली घालून हेच वाक्य लिहितेय.

आधी माझं. मी त्या भोकाला घोडचूक म्हटलं. गाठींवर हसले. जिला वाचता येत नाही तिला तरी कळायला हवं होतं, की दिसेनासं झालेला माणूस गाठी का बांधतो. दारात येऊन हात दाखवायचे ते, आणि मी हातच बघायची. डोळ्यांकडे कधी बघितलंच नाही. बाईला नातजावई मिळावा तर असा, आणि त्याने आपल्यापासून हे लपवावं! समोर असते तर कान धरला असता. सोडला नसता.

तुझ्या हाताशी दिवा होता, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी तिला दोनदा वाचायला लावलं. भिंगरे, ज्याने तुझ्यापासून अंधार लपवला त्याच्यासाठी तू दिवा कसा लावणार होतीस? हे मी सांगून तुला पटणार नाही. मला माहीत आहे. तरी लिहून ठेव कुठेतरी. तुला लिहिता येतं.

आता येण्याचं. येईन. थंडी सरली की ये न्यायला, कुणीतरी उचलायला बरोबर आण. पण पुढे बसणार नाही मी. दुधाच्या कॅनशेजारी बसेन. ती जागा माझी नाही, आणि ती तू एवढ्यात कुणाला देऊ नयेस. चढ लागायच्या आधी गाडी उभी कर, हात लांब कर, बटण दाब, मग निघ. चालत्या गाडीत वाकायचं नाही, हे आजोबांच्या दुकानातलं बोलणं समज.

एक सांगते, जे कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांचा टेस्टचा दिवा, वायरीत वीज आहे का ते बघायचा, बाकाच्या त्यांच्या बाजूला खिळ्याला टांगलेला असायचा. ते गेल्यावर दुकान मीच थोडी वर्षं ओढलं. दर वेळी त्या दिव्यासाठी मला त्यांच्या रिकाम्या स्टुलावरून हात न्यावा लागायचा. लोक म्हणायचे, बाई, खिळा इकडे मारून घ्या की. मी म्हणायची, हो, मारते. अशीच वर्षं गेली. एका दुपारी एका ट्रकचं काम करत होते, हात सहज पुढे केला आणि दिवा हातात आला. वाकले नाही, स्टुलावरून हात गेला नाही. बघते तर खिळा माझ्या बाजूला. मीच मारला असणार, दुसरं कोण होतं? पण कधी मारला, आठवेना. त्या दिवशी मी जेवढी रडले ना, तेवढी ते गेले त्या दिवशीही रडले नव्हते. ट्रकवाला घाबरून काम तसंच टाकून गेला.

तुझंही तसं होईल. आज नाही. बटण तिथेच राहू दे, हात लांब करत राहा, रोज दुखेल, दुखू दे. एक दिवस तुझ्या लक्षात येईल, की ते तू उजवीकडे घेतलंयस. त्या दिवशी फार वाईट वाटेल तुला. त्या दिवशी मला पत्र लिही. मी असले नसले तरी लिही. मला कुठे वाचता येतं? आजही दुसरंच कुणीतरी वाचून दाखवतं.

तुझी,
आजी